पथ्याचा कागद पुरत नाही

पथ्याचा कागद दिला की मधुमेहाच्या पेशंटला शिकवून झालं, असं काहींना वाटतं. मला अजिबात पटत नाही. इन्सुलिन घेऊन, नाश्ता न करता विरार लोकलमध्ये चढलेल्या माणसाला बोरिवलीच्या आधीच दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, तर काय करायचं हे त्या कागदावर नसतं. रक्तातली साखर ७०च्या (mg/dL) खाली गेली की लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन छोटे चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. चॉकलेटवर भागवू नये, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर सावकाश चढते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना. हे सोबतच्यांनाही माहीत हवं.

माझ्या सासऱ्यांची साखर डोस वाढवूनही हटेना. डायबेटिस एज्युकेटर, म्हणजे मधुमेहाच्या पेशंटला शिकवणाऱ्या ताईंनी त्यांना स्वतःच्या बोटांनी पोट चाचपायला लावलं. बेंबीच्या उजवीकडे गाठ लागली! रोज तिथेच सुई, कारण तिथे दुखत नाही. अशा जागी इन्सुलिन नीट शोषलंच जात नाही. जागा बदलायला लागल्यावर डॉक्टरांनी डोस उलट कमी केला. तो आपल्या मनाने बदलू नका.

आणि हो, पावसाळ्यात रोज रात्री तळपाय, पायाच्या बोटांच्या बेचक्या बघाच, कुठे जखम नाही ना म्हणून.