दाताचा तुकडा दिसला तर झाडून टाकू नका!

रविवार, संध्याकाळी ६:३८

ओवीची आई (बी-३०४): ओवी आत्ता खाली सायकलवरून पडली, बी विंगच्या रॅम्पपाशी. पुढचा दात तुटलाय, रक्त येतंय. आमच्या डेंटिस्टचं क्लिनिक रविवारी बंद असतं. कोणी ओळखीचं आहे का? प्लीज लवकर सांगा 🙏

जोशीकाका (ए-१०२): अरे बापरे. त्या रॅम्पबद्दल मी मे महिन्यापासून लिहितोय. गुळगुळीत लाद्या, त्यात पाऊस.

सेक्रेटरी: काका, आत्ता नको.

मानेकाकू (सी-५०१): कापसाने लवंगेचं तेल लाव गं. ठणका लगेच बसतो.

डॉ. वहिनी (सी-६०२): काकू, लवंगेचं तेल नको. फुटलेल्या ओठाला आणि हिरडीला भाजतं. ओवीची आई, आधी सांग, पडल्यावर शुद्ध गेली होती का? उलटी? पेंगतेय का?

ओवीची आई: नाही. जोरजोरात रडतेय आणि मधूनमधून भावाशी भांडतेय.

डॉ. वहिनी: मग बरंय. कोमट पाण्याने चूळ भरायला लाव. धुतलेल्या रुमालाची घडी करून रक्त येतं तिथे दहा मिनिटं दाबून धर, सारखी उचलून बघू नकोस. ओठावर बाहेरून फडक्यात बर्फ. वय किती? दात दुधाचा की कायमचा?

ओवीची आई: आठ. वरचा समोरचा, कायमचा. गेल्या वर्षीच आलाय 😢 कोपरा तिरका उडालाय.

डॉ. वहिनी: तुटलेल्या जागी मध्यभागी लाल ठिपका दिसतोय का? लाल म्हणजे नस उघडी, मग आजच दाखवायला हवं. नुसतं पिवळसर दिसत असेल तर एक-दोन दिवसांचं अंतर चालतं, पण आज जमलं तर आजच. आणि तुकडा कुठाय?

ओवीची आई: पिवळसरच वाटतंय. तुकड्याचं लक्षातच नाही आलं.

डॉ. वहिनी: कोणीतरी टॉर्च घेऊन खाली जा. तांदळाच्या दाण्याएवढा असेल. बऱ्याचदा तोच परत चिकटवता येतो. नाहीच मिळाला तर डॉक्टरांना ओठही तपासायला सांग, कधी कधी तुकडा फुटलेल्या ओठात रुतून बसतो.

सेक्रेटरी: वॉचमनला सांगितलंय, रॅम्पवर झाडू मारायचा नाही.

मानेकाकू: आमच्या वेळी पडलेला दात उंदराच्या बिळात टाकायचो.

ए-४०४: खाली सहा जण वाकून शोधतायत. आत्तापर्यंत दोन खडे आणि थर्माकोलचा एक कण 😄

६:५९

जोशीकाका: सापडला. कुंडीच्या बुडाशी होता. आधी मला मार्बलची चिप वाटली.

डॉ. वहिनी: काका, ग्रेट! पाण्याने धुवा आणि छोट्या डबीत दुधात टाका. दूध थंड असलं तरी चालेल. कोरडा ठेवू नका.

जोशीकाका: आमच्याकडे चहापुरतंच दूध होतं. आज चहा कोरा.

आर्यनचे बाबा (बी-२०१): वहिनी, विचारून ठेवतो. अख्खा दात मुळासकट निघाला असता तर?

डॉ. वहिनी: कायमचा असेल तर मुळाला हात लावायचा नाही, चावायच्या बाजूने धरायचा. घाण लागली असेल तर पाण्याखाली काही सेकंद, घासायचा अजिबात नाही. जमलं तर तिथेच खाचेत परत बसवायचा आणि रुमाल चावून धरायला सांगायचा. नाही धीर झाला तर दुधात टाकून लगेच डेंटिस्ट गाठायचा. मुळावरच्या पेशी सुकल्या की दात पुन्हा नीट धरत नाही. तासभर कोरडा राहिला तर आशा फार कमी. माझ्याकडे लोक टिश्यूत गुंडाळून आणतात, तेही दुसऱ्या दिवशी! दुधाचा दात मात्र कधीच परत बसवायचा नाही, वर हिरडीत कायमचा दात तयार होत असतो, त्याला धक्का लागतो.

ओवीची आई: ठाण्यात एक क्लिनिक उघडं मिळालं. रिक्षा आली, निघतोय.

डॉ. वहिनी: छान. उद्यावर गेलं असतं तर नायर डेंटल, मुंबई सेंट्रल, किंवा सीएसएमटीजवळचं सरकारी डेंटल कॉलेज. दोन्हीकडे लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे.

आर्यनचे बाबा: न दुखणारा कोपरा असेल तर एवढी धावपळ करायची गरज असते?

जोशीकाका: असते. माझ्या नातवाचं असंच झालं होतं. दुखत नव्हतं म्हणून आम्ही सोडून दिलं. सहा महिन्यांनी दात राखाडी पडला, मग हिरडीवर फोड आला. कोणाला दोष देऊ? आम्हीच नेलं नाही.

डॉ. वहिनी: या वयात नस जिवंत ठेवणं फार महत्त्वाचं. पुढच्या दाताच्या मुळाचं टोक साधारण दहाव्या वर्षापर्यंत उघडंच असतं. त्याआधी नस मेली तर मूळ पातळ आणि आखूड राहतं, मोठ्यांसारखं साधं रूट कॅनाल होत नाही. म्हणून नंतरही तपासत राहायचं.

९:५२

ओवीची आई: पोचलो घरी. एक्सरे काढला, नस वाचली आहे. काकांचा तुकडा तंतोतंत बसला 🙏🙏 जोड शोधूनही दिसत नाही. दोन आठवडे मऊ जेवण, सफरचंद कापूनच. सहा ते आठ आठवड्यांनी परत एक्सरे, मग वर्षाने. ओवी विचारतेय, जोशी आजोबांना चहाला कधी बोलवायचं?

जोशीकाका: उद्या येतो. दूध घेऊन.

सेक्रेटरी: रॅम्पवर खरखरीत पट्ट्या लावून घेऊ. कोणी कोटेशन आणू शकेल का?

जोशीकाका: १४ मेचा माझा मेसेज बघा. पीडीएफ जोडलेली आहे.