ब्राउझर फिंगरप्रिंटिंग : ‘ठसा’ म्हणावे की ‘वर्णन’?

प्रश्न : ठाण्यात नौपाड्यातील ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर मी मोबाइलच्या सुरक्षित वापराविषयी बोलतो. ‘ब्राउझर फिंगरप्रिंटिंग’ला, म्हणजे संकेतस्थळाने ब्राउझरच्या बारीकसारीक तपशिलांवरून तो ओळखण्याला, मी ‘ब्राउझरच्या बोटांचे ठसे’ म्हटले, तेव्हा एका आजींनी फोन पुढे करून विचारले, “पण मी बोट कुठे टेकवलंच नाही, मग ठसा कसला?” चपखल शब्द कोणता?

उत्तर : आजींची शंका अगदी रास्त आहे. ठसा उमटतो किंवा घेतला जातो; जुन्या खरेदीखतावर ‘निशाणी डावा अंगठा’ असते, तिथे अंगठा देणाऱ्याला आपण तो देत आहोत हे निदान कळत असते. इथे मात्र संकेतस्थळ पडद्याचा आकार, टाइम झोन, भाषा, फाँट असे तपशील परस्पर ब्राउझरकडून काढून घेते आणि कधी न दिसणारे चित्र रेखाटायला लावून ग्राफिक्समधला बारीकसा फरकही टिपते.

म्हणून मला ‘वर्णन’ हा शब्द जवळचा वाटतो. बेपत्ता व्यक्तीच्या सूचनेत ‘बांधा सडपातळ, रंग सावळा, अंगात निळा शर्ट’ असे लिहितात. त्यातले एकेक लक्षण ठाणे स्थानकाच्या फलाटावर कितीतरी जणांना लागू पडेल, पण सगळी लक्षणे एकदम जुळणारा माणूस विरळाच. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या २०१० सालच्या प्रयोगात ८३.६ टक्के ब्राउझरांचे वर्णन दुसऱ्या कोणाशीही जुळले नव्हते. कुकी ही आपल्या फोनमध्ये ठेवलेली चिठ्ठी असते, ती पुसता येते; वर्णन समोरच्याच्या वहीत असते, त्यामुळे कुकी पुसूनही ते तसेच राहते. ओळख लपवण्यासाठी बनवलेला टॉर ब्राउझर यावर आपल्या सर्व वापरकर्त्यांना शक्य तितका एकच गणवेश चढवतो, म्हणजे वर्णनावरून कोणाला वेगळे काढणे अवघड जाते.

याच ओघात, ‘ट्रॅकिंग’ला ‘पाळत’ म्हणू नये असे मला वाटते. पाळत ठरावीक माणसावर ठेवतात. माग काढणाऱ्याला नाव कळले नाही तरी चालते, काल आलेला तोच हा, एवढे त्याला पुरते. इथे ‘माग काढणे’च योग्य.

प्रश्नकर्ता : ‘वर्णन’ पटले, पण ते कोणी तिऱ्हाइताने सांगितल्यासारखे वाटते, इथे तर सांगणारा आपलाच फोन आहे.

उत्तर : मग कट्ट्यावर ‘आपल्याच फोनने दिलेले आपले वर्णन’ असे सविस्तर म्हणावे. शब्द लांबला तरी चालेल, आजींना अर्थ पोहोचायला हवा.