ज्वालामुखीने केलेली खोल तळी: कोणी पाहिलीत? (अनुभव धागा)

तापीकाठची
मंडळी, मी चोपडा तालुक्यात भूगोल शिकवते. आपल्या पायाखालचा काळा दगड म्हणजे साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे असं सांगितलं की पोरं हमखास विचारतात, मॅडम मग त्याचं तोंड कुठंय? मोठी माणसं उनपदेवच्या गरम झऱ्याकडे बोट दाखवतात, पण तिथे ज्वालामुखी नाही, जमिनीतल्या खोल भेगांमधून खाली मुरलेलं पाणी तापून वर येतं. पुस्तकात ज्वालामुखीच्या तळ्यांचे फोटो आहेत, पण पोरांना प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाकडून ऐकायचंय. खान्देशातली माणसं आता जगभर आहेत, तर ज्यांनी अशी तळी पाहिली त्यांनी सविस्तर लिहा ना. वर्गात वाचून दाखवणार आहे.

अमळनेर_ते_पोर्टलंड
ताई, मी लिहितो. आई-अण्णा इकडे आले होते तेव्हा त्यांना ओरेगॉनमधल्या क्रेटर लेकला नेलं. उत्तरेकडून गेलं की आधी प्युमिसचं सपाट माळरान लागतं, हा म्हणजे ज्वालामुखीतून उडालेला फेसाळ हलका दगड, त्यात इतकी वर्षं झाली तरी झाडं धड उगवत नाहीत. मग घाट चढून वर गेलो, गाडी लावली, कठड्यापाशी आलो आणि पाणी एकदम शेकडो फूट खाली, चारी बाजूंनी उभे कडे. असा निळा रंग मी दुसरीकडे कुठेच पाहिला नाही, फोटोत तो येतच नाही.

आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "नदी ना नाला, इतलं पानी उनं कोठेन?"

अगदी बरोबर प्रश्न. एकही नदी आत येत नाही आणि एकही बाहेर जात नाही. तिथल्या रेंजर बाईंनी सांगितलं की इथे माझामा नावाचा मोठा पर्वत होता, ७,७०० वर्षांपूर्वीच्या उद्रेकात तो आतमध्ये कोसळला, आणि त्या खड्ड्यात नुसता पाऊस आणि वितळलेलं बर्फ साचून काही शतकांत तळं भरलं. खोली ५९४ मीटर, अमेरिकेतलं सगळ्यात खोल. नदी नाही म्हणून गाळ नाही, गाळ नाही म्हणून पाणी इतकं स्वच्छ आणि निळं. अण्णा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, त्यांचा पुढचा प्रश्न तयारच, आवक समजली पण जावक काय? सांडवा कुठंय? तर जेवढं पडतं साधारण तेवढंच बाष्पीभवनाने आणि खडकातल्या पाझराने जातं, त्यामुळे पातळी फार हलत नाही. अण्णांना हे पटायला वेळ लागला, मला इंग्रजीत परत परत विचारायला लावलं, त्या बाईही न कंटाळता पेनाने कागदावर काढून दाखवत होत्या.

अजून एक. तिथल्या क्लामाथ आदिवासींच्या कथेत खालच्या जगाचा लाओ आणि वरच्या जगाचा स्केल यांची लढाई होते आणि डोंगर कोसळतो. म्हणजे त्यांच्या पूर्वजांनी तो उद्रेक पाहिला होता. राखेखाली सेजब्रश नावाच्या झुडपाच्या सालीपासून विणलेल्या जुन्या चपला सापडल्यात, त्यामुळे माणसं तेव्हा त्या भागात होती हे नक्की.

साक्रीवाला
भाऊ मस्त लिहिलं. पण स्फोटाने एवढा खड्डा पडतो का? आम्ही विहिरीला सुरुंग लावतो तर दगड निघता निघत नाही.

जिऑलॉजी_नंदुरबार
साक्रीवाला दादा, स्फोटाने नाही, खचल्याने पडतो. डोंगराखाली वितळलेल्या खडकाची मोठी कोठी असते. उद्रेकात ती भराभर रिकामी होते आणि वरच्या डोंगराला आधार राहत नाही. आपल्याकडच्या धाब्याच्या घराचे खांब काढले तर माळवद जसं सरळ खाली बसेल, तसा अख्खा माथा खाली बसतो. याला कॅल्डेरा म्हणतात आणि सगळी खोली त्या बसण्यातून येते. तळ गाळाने आणि नंतरच्या लाव्हाने भरायच्या आत पाणी साचलं की खोल तळं तयार.

दुसरा प्रकार छोटा असतो. वर येणारा तप्त खडक भूजलाला भिडतो, पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि ती जमीन फोडते. इथे मात्र स्फोटच खड्डा पाडतो. त्याला मार म्हणतात.

आणि ताईंच्या पोरांच्या प्रश्नाचं उत्तर असं की आपला लाव्हा बहुतांशी लांबच लांब भेगांतून निघून थरावर थर पसरत गेला. एका डोंगराचं एक तोंड शोधत बसलो तर सापडायचं नाही. त्या भेगांत थिजलेला दगड मात्र धुळे-नंदुरबारला भरपूर दिसतो, त्याला डाइक म्हणतात.

साक्रीवाला
म्हणजे आमच्या शिवारातून जाते ती दगडाची सरळ भिंतच की! पोरगा लहान होता तेव्हा म्हणायचा ही कोणी बांधली. तिच्या वरच्या अंगाला चुलत्यांच्या विहिरीला एप्रिलपर्यंत पाणी असतं आणि खालच्या अंगाला माझी विहीर संक्रांतीलाच तळ दाखवते.

जिऑलॉजी_नंदुरबार
हो, डाइकचा दगड घट्ट असेल तर जमिनीतलं पाणी अडतं. पुढची बोअर घ्यायच्या आधी एखाद्या भूजलवाल्याला शिवार दाखवा.

शहाद्याची_डॉक्टर
मी एमबीबीएसला फिलिपीन्समध्ये होते. मनिलाच्या दक्षिणेला ताल नावाचा ज्वालामुखी आहे. टागायटाय नावाच्या थंड हवेच्या गावातून खाली बघितलं की मोठं तळं, तळ्यात बेट, आणि त्या बेटाच्या तोंडात आणखी एक तळं. आम्ही मुली तिथे भुट्टे खात फोटो काढायचो, हा जिवंत ज्वालामुखी आहे हे माहीत असून डोक्यात कधी आलं नाही. १२ जानेवारी २०२० ला तो उठला. संध्याकाळी राखेच्या ढगात विजा चमकत होत्या, विमानतळ बंद. सकाळी गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांवर करडी राख, झटकली की कचकच करायची आणि ओली झाली की सिमेंटगत चिकटायची. दुकानांतले एन९५ मास्क संपले. आई रोज रडत फोन करायची. नंतर कळलं की बेटाच्या तोंडातलं ते आतलं तळंच नाहीसं झालं, पाणी उडून गेलं.

सीनियर लोकांबरोबर पिनाटुबोलाही गेले होते. १५ जून १९९१ च्या उद्रेकात त्याचा माथा खचला, सुमारे अडीच किलोमीटर रुंद खड्डा पडला आणि पावसाने भरत गेला. पोरांना हे नक्की सांगा ताई, की तिथे तळं तयार होताना बघितलेली माणसं अजून आहेत. २००१ मध्ये पाणी इतकं चढलं की काठ फुटून खालची गावं वाहून जातील म्हणून कडेला चर खोदून पाणी मुद्दाम सोडावं लागलं.

बोदवडकर
आपल्या जवळचं लोणार राहिलं की! ते ज्वालामुखीचं नाही. पूर्वी बरेच जण तसं समजायचे, पण ते उल्केच्या आघाताने पडलेलं विवर आहे, आपल्याच काळ्या दगडात म्हणजे बेसाल्टमध्ये, १.८ किलोमीटर रुंद. मलकापूर-बुलढाण्यावरून एका दिवसात होतं. सहल काढा.

पाईपलाईन
मी ड्रिपच्या कामासाठी कॅमेरूनला होतो. न्योस तळं मी पाहिलं नाही, पण आमच्या साइटवरचा फोरमन त्या बाजूचा होता, त्याच्या आईच्या माहेरची माणसं तिथल्या दुर्घटनेत गेली. वर सांगितलं तसलं मार प्रकारातलं तळं, २०० मीटरहून खोल. खालून कार्बन डायऑक्साइड झिरपतो आणि वरच्या पाण्याच्या दाबाखाली तळाशी विरघळून साठत राहतो. तिकडे पाणी वर्षभर कोमट, थर ढवळले जात नाहीत, त्यामुळे तो निघून जात नाही. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री तो एकदम सुटला. हवेपेक्षा जड, म्हणून दऱ्यांतून खाली गावांत उतरला. १,७०० च्या वर माणसं आणि हजारो गुरं गेली. फोरमन सांगायचा, घरं जशीच्या तशी उभी होती.

उपाय पाईपचा आहे आणि आमच्या धंद्यात असल्यामुळे तो मला फार आवडला. तळापर्यंत उभा पाईप सोडायचा, सुरुवातीला पंपाने थोडं पाणी वर ओढायचं. दाब कमी झाला की त्यातला वायू फुगतो आणि पाण्याला स्वतःच वर ढकलतो, मग पंप बंद केला तरी कारंजं उडत राहतं. २००१ ला पहिला कायमचा पाईप बसला, पुढे आणखी बसवले. ताई, पोरांना चित्र हवं असेल तर काढून पाठवतो.

तापीकाठची
पाठवा भाऊ, नक्की पाठवा. आणि पोर्टलंडवाले दादा, माझी बहीण मे महिन्यात लेकीकडे तिकडेच येतेय, क्रेटर लेक होईल का?

अमळनेर_ते_पोर्टलंड
ताई, मेमध्ये तिथे ढीगभर बर्फ असतं. दक्षिणेकडचा रस्ता चालू असतो आणि हवा स्वच्छ असली तर तळं दिसतं, पण काठाकाठाने पूर्ण फिरणारा रस्ता बहुतेक वर्षी जुलैत उघडतो. ऑगस्टमध्ये वणव्यांचा धूर असू शकतो. त्यांचा मुक्काम लांबणार असेल तर जुलै धरा, आणि जाड स्वेटर सोबत द्या.