मदत हवी आहे: वर्डप्रेस स्वतःच्याच साइटशी जोडणी करू शकत नाही, थीममधला बदल मागे घेतला जातो

नमस्कार मंडळी. आमच्या मुलींच्या कबड्डी संघाची वेबसाइट घरच्याच पीसीवर चालते. उबंटूवर डॉकर, त्यात वर्डप्रेस, मारियाडीबी (डेटाबेस) आणि एनजिनएक्स रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरची विनंती घेऊन वर्डप्रेसकडे पोचवणारा) असे वेगवेगळे कंटेनर, म्हणजे एकमेकांपासून अलग चालणारे कप्पे. मोबाइल डेटावरून साइट झटकन उघडते, एचटीटीपीएसही ठीक आहे.

पण थीम फाइल एडिटरमध्ये सामन्यांच्या वेळापत्रकासाठी पीएचपीच्या ओळी घातल्या की संदेश येतो: साइटशी परत संपर्क होत नाही, म्हणून बदल मागे घेतला. वर्डप्रेसच्या साइट हेल्थ तपासणीत लूपबॅक रिक्वेस्ट (साइटने स्वतःलाच पाठवलेली विनंती) अयशस्वी, कर्ल एरर २८, म्हणजे टाइमआउट. डेटाबेसचा दोष वाटत नाही, नाहीतर पानंच उघडली नसती.

वर्डप्रेसच्या कंटेनरमधून पाहिलं तर डोमेन बरोबर आमच्या सार्वजनिक आयपीवर जातं, पण ४४३ (एचटीटीपीएसच्या) पोर्टवर उत्तर येत नाही. त्यामुळे संशय राउटरवर आहे, त्यात हेअरपिन नॅट (घरातूनच सार्वजनिक आयपीकडे गेलेली विनंती परत आत वळवण्याची सोय) नसावं. होस्ट्स फाइलमध्ये (कोणतं नाव कोणत्या पत्त्यावर, ही यादी) १२७.०.०.१ टाकून भागणार नाही, कारण कंटेनरच्या आत तो पत्ता त्या कंटेनरचाच.

तर कंपोज फाइलमध्ये (कंटेनरची मांडणी लिहिलेली फाइल) प्रॉक्सीला डोमेनच्या नावाचा नेटवर्क एलियास (डॉकरच्या आतलं टोपणनाव) द्यावा, की वर्डप्रेसला एक्स्ट्रा होस्ट्समधून होस्ट-गेटवे (डोमेनसाठी पीसीचाच पत्ता)? सर्टिफिकेट डोमेनच्या नावाचंच असल्याने दोन्हीकडे चालायला हवं, बरोबर ना?

फाइल एसएफटीपीने चढवता येईल, पण वर्डप्रेसचा क्रॉनही (ठरल्या वेळी कामं करणारा भाग) लूपबॅकवरच चालतो. वेळ लावलेल्या निकालांच्या पोस्ट अडकतात आणि पोरी वाट बघत राहतात. कोणी अशी मांडणी चालवत असेल तर कंपोजमधला तेवढा भाग कृपया दाखवा.