मदत हवी आहे: अल्सास, पाच मित्र, एक गाडी, टेस्टिंग मिळेना

मित्रमंडळींबरोबर शनिवार-रविवार फ्रान्समधल्या अल्सासच्या वाईन रूटला जातोय. राहायचं बुकिंग झालंय, टेस्टिंगचं घोडं अडलंय. चार छोट्या उत्पादकांना मेल टाकले, एकाचंच उत्तर आलं, तेही फ्रेंचमध्ये. कोणती गावं करू? उद्या रात्रीपर्यंत ठरवायचंय, प्लीज लवकर सांगा.

भटकी_मैना: कुठून निघताय? कुठे उतरताय? कुठल्या महिन्यात? मार्लेनहाइम ते थान तो रस्ता १७० किमी आहे हो.

गाडीवाले_पंत: दोन दिवसांत आरामात होतो. आम्ही नऊ गावं केली होती.

भटकी_मैना: गावं केलीत की पार्किंग?

रानवाट: शेंगेन व्हिसा ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच देशाचा घ्यावा. लोक इथेच चुकतात.

धागाकर्ता: आम्ही सगळे फ्रँकफर्टला नोकरीला आहोत. व्हिसाचं विचारलंच नाहीये! कोलमारला उतरतोय, स्टेशनजवळ.

खडीसाखर: अल्सास सोडा, शँपेनला जा. तिथल्या रँस शहरात मोठ्या शँपेन घराण्यांची तळघरं शहरातच आहेत, चालत फिरा. गाडीची कटकट नाही.

भटकी_मैना: बुकिंग झालंय म्हणतोय तो. बरं, गाडी कोण चालवणार?

धागाकर्ता: आळीपाळीने.

भटकी_मैना: म्हणजे पाचही जण पिणार! फ्रान्समध्ये गाडी चालवताना मर्यादा रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम अल्कोहोल, नवीन लायसन्सवाल्याला ०.२. टेस्टिंगच्या टेबलावर चाखलेली वाईन थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरा. पहिल्यांदा आम्ही त्यात पाणीच आहे असं समजून ग्लास विसळायला निघालो होतो.

गाडीवाले_पंत: एवढे पैसे मोजून थुंकायचं?? त्यापेक्षा सायकली घ्या. कोलमारहून एगिशाइम सहा-सात किमी.

भटकी_मैना: सायकलवाल्यालाही तीच मर्यादा आहे, पंत.

पक्का_नाशिककर: महिना अजून सांगितला नाही भाऊ.

धागाकर्ता: सप्टेंबर. याच शनिवारी.

पक्का_नाशिककर: मग मेलला उत्तर कसं येईल! द्राक्षांची तोडणी चालू असणार त्यांची. आमच्याकडे जानेवारी ते मार्च काढणी असते, तेव्हा मी सासऱ्यांचा फोन घेत नाही. मणी चिरला, वर पाऊस आला की वर्षाची मेहनत गेली. छोट्यांच्या मागे लागू नका. एगिशाइमला सहकारी वाईनरी आहे, १९०२ची, तिचं दुकान गाठा.

खडीसाखर: सहकारी? चेअरमन कुठल्या पक्षाचा? 😀

भटकी_मैना: नाशिककर म्हणतात ते बरोबर. आणि दुपारी बारा ते दोन कुठेही जाऊ नका, जेवणाची सुट्टी असते. रविवारी बरेच छोटे बंदच ठेवतात, म्हणून टेस्टिंग शनिवारीच उरका. तुमच्यात कुणी शाकाहारी असेल तर टार्ट फ्लाँबे (तिथला पातळ पिझ्झासारखा पदार्थ) मागवताना आधी विचारा, त्यावर डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. आणि उग्र वासाचं मुन्स्टर चीज घेतलंत तर फ्रँकफर्टपर्यंत काचा खाली ठेवाव्या लागतील.

धागाकर्ता: नाशिककर, धन्यवाद! ते फ्रेंच उत्तर आत्ता भाषांतर करून वाचलं. लिहिलंय, तोडणी चालू आहे, दिवसा कुणी भेटणार नाही, शनिवारी संध्याकाळी सहानंतर या, जेवढं हवं तेवढं चाखवतो.

गाडीवाले_पंत: सहानंतर. म्हणजे अंधारात परत येताना गाडी कोण चालवणार, तेवढं सांगा.