वेब रहदारीवरून डेस्कटॉप ऑपरेटिंग सिस्टिमचा वाटा ठरवता येतो का?

मोजपट्टी (चर्चाप्रस्ताव)

फेब्रुवारी २०२४ मध्ये वेब रहदारी मोजणाऱ्या स्टॅटकाउंटर या सेवेच्या आकडेवारीत डेस्कटॉपवरील लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा वाटा प्रथमच ४ टक्क्यांच्या वर गेला, आणि जगातील दर पंचविसावा संगणक आता लिनक्सवर चालतो, असा निष्कर्ष अनेकांनी लगेच काढला. माझ्या मते त्या आकड्यातून हा निष्कर्ष निघत नाही. स्टॅटकाउंटर संगणक मोजत नाही आणि माणसेही मोजत नाही. ज्या संकेतस्थळांनी त्याचा कोड बसवला आहे, त्यांची किती पाने उघडली गेली एवढेच तो मोजतो. दिवसाला दोनशे पाने चाळणारा एक जण आणि दहा-दहा पाने पाहणारे वीस जण या मोजणीत सारखेच ठरतात, तर इंटरनेटला कधीच न जोडला जाणारा संगणक तिच्यात येतच नाही. शिवाय संकेतस्थळांचा हा संच कोणी नमुना म्हणून निवडलेला नाही. ज्यांना ती सेवा हवी होती त्यांनी ती घेतली, एवढ्यावरच तो उभा आहे. अशा आकड्यावरून संगणकांची संख्या सांगू नये.

ऋजुरेषा

मोजणीतील दोष मला मान्य आहेत, पण आपला निष्कर्ष मान्य नाही. विक्रीचे आकडे यंत्राबरोबर कोणती सिस्टिम आली ते सांगतात, ती पुसून मालकाने दुसरी टाकली का हे सांगत नाहीत. डाउनलोडच्या मोजणीचा तर उपयोगच नाही, कारण एकदा उतरवलेली फाइल शंभर यंत्रांवर चढवता येते. स्टीम या संगणकीय खेळ विकणाऱ्या सेवेचे सर्वेक्षण ऐच्छिक आणि खेळणाऱ्यांपुरते असते, आणि त्यातही सायबर कॅफेमधील संगणक प्रमाणाबाहेर मोजले जात असल्याचे आढळल्यावर स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीला मे २०१८ मध्ये दुरुस्ती करावी लागली. मग उरते काय? वेब रहदारीच्या आकड्यात पूर्वग्रह असला, तरी तो दरमहा साधारण सारखाच असेल तर चढ-उताराची दिशा विश्वासार्ह राहते, आणि बहुतेकांना हवी असते ती दिशाच.

मोजपट्टी

'सारखाच असेल तर' या अटीवरच सारे अडते, कारण तो सारखा राहत नाही. ब्राउझर स्वतःची ओळख म्हणून जी यूजर एजंट ओळ पाठवतो, तिच्यात विंडोज ११ वरूनही 'विंडोज एनटी १०.०' असेच लिहून येते. क्रोमकडून खरी आवृत्ती जाणून घ्यायची तर क्लायंट हिंट्स ही वेगळी यंत्रणा वापरावी लागते, आणि फायरफॉक्स ती पुरवतच नाही. मॅकवर ही ओळ १०.१५ वर गोठवलेली असल्याने त्यानंतरच्या आवृत्त्याही कॅटलिना (म्हणजे १०.१५) म्हणून नोंदल्या जातात. रोजचे वेगवेगळे अभ्यागत मोजून देशांनुसार भार देणाऱ्या नेट मार्केट शेअर या दुसऱ्या मोजणी सेवेने २०२० मध्ये आपली मालिका थांबवली, ती ब्राउझरमधील अशाच येऊ घातलेल्या बदलांचे कारण देऊन.

मोजण्याच्या पद्धतीने किती फरक पडतो याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण ब्राउझरचे आहे. क्रोमने इंटरनेट एक्सप्लोररला मागे टाकले ते स्टॅटकाउंटरच्या मते मे २०१२ मध्ये, आणि नेट मार्केट शेअरच्या मते एप्रिल २०१६ मध्ये. दोघांनाही दिशा एकच दिसत होती, तरी घटनेच्या तारखेत जवळजवळ चार वर्षांचे अंतर पडले!

निळीशाई

दोघांच्याही मुद्द्यांत एक भर. अँड्रॉइडवरील क्रोममध्ये 'डेस्कटॉप साइट' हा पर्याय निवडला की फोन स्वतःची ओळख 'एक्स११; लिनक्स' अशी देतो, म्हणजे हातातला फोन डेस्कटॉप लिनक्स म्हणून मोजला जाण्याचा धोका असतो. २०१९ च्या आयपॅडओएस १३ पासून आयपॅडवरील सफारी बहुतेक ठिकाणी स्वतःला मॅकच म्हणवते. उलट बाजूला, ॲड ब्लॉकर वापरणाऱ्यांकडे मोजणीचा कोड अनेकदा चालत नाही, आणि तेव्हा त्यांची नोंदच होत नाही. हे दोष एकमेकांना छेद देऊन शून्य होतात असे मानायला काहीच आधार नाही.

ऋजुरेषा

ब्राउझरच्या उदाहरणातून मी वेगळा अर्थ काढतो. दोन मोजण्या असल्यामुळेच आपल्याला अनिश्चितता किती मोठी आहे ते कळले. म्हणून स्टॅटकाउंटर, विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाची आकडेवारी आणि अमेरिकी संघराज्य सरकारच्या संकेतस्थळांची आकडेवारी शेजारी शेजारी ठेवून एका आकड्याऐवजी पल्ला सांगावा. एखादे सॉफ्टवेअर लिनक्ससाठी बनवायचे की नाही हे ठरवणाऱ्याला अंदाज हवाच असतो. तो आपण दिला नाही, तर तो स्वतःच्या समजुतीवर निर्णय घेईल, आणि ते अधिक घातक आहे.

मोजपट्टी

पल्ला सांगावा हे मला पटते, पण त्याला खात्रीची मर्यादा समजू नये. हे तिन्ही स्रोत अखेर तीच यूजर एजंट ओळ वाचतात, त्यामुळे ती जिथे फसवते तिथे तिघेही एकाच दिशेने चुकतील आणि पल्ला अरुंद दिसेल. विंडोजचा वाटा सर्वांत मोठा आहे, एवढे विधान या आकड्यांवर निर्धास्त करता येते. लिनक्सच्या बाबतीत ३ टक्के आणि ४ टक्के यांतला फरक मात्र मी यांच्या भरवशावर सांगणार नाही. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने तर आधी स्वतःच्या सर्व्हरच्या नोंदी पाहाव्यात, कारण त्याचे ग्राहक जगाच्या सरासरीसारखे असतीलच असे नाही.