ज्वारी-खपलीचा केक, हळद-गूळ-बेदाणे घालून... फुगेल का?

विश्रामबागवाली: नमस्कार मंडळी, दिवसभर ऑफिसात आकड्यांत डोकं असतं, पण संध्याकाळी ओटीजी (छोटा ओव्हन) लावून काहीतरी नवीन घातलं की एकदम मोकळं वाटतंय. आता यूट्यूबवरचं तसंच्या तसं नाही करायचं, आपलं आपण जुळवायचंय. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, हळदीला २०१८ ला, दोन्ही दारात मिळतंय मग दरवेळी चॉकलेट चिप्सच कशाला? तर डोक्यात आहे खपली गहू, ज्वारी, गूळ, बेदाणे आणि हळद, मैदा अजिबात नको. प्रमाण सांगाल का कुणी? आणि घरचे सारखे म्हणतात ऑर्डरी घे, मला नाही घ्यायच्यात. नुसतं आवडतं म्हणून एवढा खर्च करावा का?

तासगावची काकू: ज्वारीत ग्लूटेन, म्हणजे पीठ धरून ठेवणारा चिकटपणा, नसतं बाळा, आणि खपलीत असलं तरी ते आपल्या नेहमीच्या गव्हाएवढं ताकदीचं नाही. म्हणून खपली १ वाटी तर ज्वारी अर्धीच, त्यावर नेलीस तर कापताना भुगा होतो. किसलेला गूळ पाऊण वाटी, दही पाऊण वाटी, तेल पाव वाटीच्या जरा वर, बेकिंग पावडर १ चमचा, सोडा अर्धा, दूध लागेल तसं. पीठ भिजवून पंधरा मिनिटं ठेव, ज्वारी पाणी ओढून घेते, मगच पावडर-सोडा घाल आणि लगेच १७० डिग्रीवर लाव. बेदाणे कोरड्या पिठात घोळव म्हणजे तळाला बसत नाहीत.

मिरजकर: हळद पाव चमचाच घाला ताई, आणि सोडा काकूंनी सांगितलाय त्याच्या वर नको. हळदीला सोडा लागला की ती लाल पडते, शर्टावरचा हळदीचा डाग साबण लागल्यावर लाल होतो ना तसंच. दह्याच्या आंबटपणानं सोडा मरतो म्हणून दही कमी करू नका, रंग पिवळा राहील.

कराडकर: माझं मत जरा वेगळं, ऑर्डरी घेण्यात वाईट काय, एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षेचं) रजिस्ट्रेशन करायचं आणि सुरू, कष्टाचे पैसे मिळतात की.

तासगावची काकू: मिळतात की, मी घेतलेल्या आहेत ऑर्डरी. पण मग लोकं म्हणतील तोच केक, तोच रंग, तीच चव पुन्हा पुन्हा करावी लागती, ही पोरगी जे हळद-ज्वारी जुळवत बसलीय ते करायला वेळच उरत नाही. कुणी गाणं शिकतं, कुणी रांगोळीला रंग आणतं, तिथं कुणी विचारतं का परत काय मिळालं म्हणून? तुला नको वाटतंय तर नको घेऊस, घरच्यांना सरळ सांग.

विश्रामबागवाली: काकू, हे आज घरी वाचूनच दाखवते. शनिवारी करतीय, फोटो टाकीन. बेदाणे हिरवे घेऊ का पिवळे?

तासगावची काकू: हिरवे, जरा आंबटसर बघून. गोडीला गूळ आहेच.